दोन पत्रं

तार्तूची खोली रिकामी करताना सापडली,
एकाच दिवशी लिहिलेली, दोन्हीवर माझी सही.

आमच्या भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द.
नावं अंगठ्याखाली झाकून वाचत गेले.

पहिलं: स्वतंत्र बुद्धी. धाडस.
हातून मोठं काम होईल.

दुसरं: कष्टाळू. कामात नीटनेटकेपणा.
प्रयोगशाळेत कधी आवाज चढला नाही.

अंगठा उचलायची गरजच उरली नाही.

त्या मार्चमध्ये दलदलीतून
चार मीटर खोलवरचा गाळ उपसला,
तेव्हा परागकणांचे थर उलटे लागलेत
हे ओळखलं लेलोनं.
तावेत तेव्हा गाडीत बूट वाळवत होता.
मी ऐकलं, मान डोलावली,
आणि तिला नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं.
अक्षर सुरेख होतं ना तिचं.

मीसुद्धा कधीकाळी
कुणाचं तरी सुरेख अक्षरच होते.
हे मला माहीत होतं. तरीही.

तावेत आता विभागप्रमुख.
काल फोन आला: एक जागा भरायचीय,
कुणी मेहनती मुलगी असेल तर सुचवा.

लेलो व्होरूच्या शाळेत शिकवते.
नाताळात तिचं कार्ड येतं.
काही मागत नाही, काही विचारत नाही.
अक्षर अजून तसंच.