रात्र वाचते

स्वित्झर्लंड पहिल्याच संध्याकाळी गेलं.
एका कॉफीला सहाशे म्हटल्यावर
विश्रामने लाल पेनाने त्यावर रेघ ओढली
आणि शेवटाला ती शेपटी वळवली,
प्रुफातला चुकार शब्द उडवायची.
चोवीस वर्षांची सवय. हात ऐकत नाही.

कन्नमवार नगर, तिसरा मजला.
शिलाई मशीनच्या मिटलेल्या फळीवर
चार देश पसरलेत, वर तपकिरी चहाचं एक वर्तुळ.
युरो शंभर धरायचा, मी म्हणाले,
भाव काही का असेना, हिशेबाला सोपा;
उरलेच पैसे तर आइस्क्रीम.
तेव्हापासून माझं डोकं बिनसलंय.
कोथिंबिरीची जुडी वीस सेंट.
स्टेशनपर्यंत रिक्षा तीस.
वॉचमनने होळीची पोस्त मागितली,
तर आधी मनात भागाकार केला,
मग लाजून पन्नासाचे शंभर दिले. एक युरो.

वरच्या कारखानीस बाई म्हणाल्या,
पॅरिस नाही? मग कसलं हो युरोप!
स्वेटर मात्र दोन दिले,
डांबरगोळ्यांचा वास येणारे.
इथे मार्चमध्येच पाठीला ब्लाउज चिकटतोय
आणि हा आरशासमोर कानटोपी घालून बघतो.
जूनमध्ये तिथे उन्हाळा असतो, मी सांगितलं.
असू दे, म्हणाला. त्यांचा उन्हाळा.

व्हिसाच्या यादीत नववा कागद:
तुम्ही परत येणार, याचा पुरावा.
घराची कागदपत्रं लावली. पेन्शनचं पत्र लावलं.
सोसायटीची पावती, शिक्क्यासकट.
पण सव्वापाचला येणारं पाणी,
ते वाजलं की उघडणारे माझे डोळे,
त्यावर शिक्का कोण मारणार?

"क्राकोव्हहून बस रात्री अकराला," तो म्हणतो,
"पहाटे बुडापेस्ट. हॉटेल नको.
एक रात्र वाचते."
पान उलटतो. "इथेही. दुसरी रात्र वाचते."
रस्त्यात नोट सापडावी तसा चेहरा.
मी चष्म्यावरून बघत राहते.

लोअर परळला, छापखान्याच्या पोटमाळ्यावर
परदेशाचं पान याच्याकडे असायचं.
भूकंप, निवडणुका, कुणीकुणी मारलेले गोल.
रात्री दीड वाजता
ल्युब्लियानातलं जोडाक्षर तपासणारा
विक्रोळीत हा एकच माणूस असेल.
आणि इकडे मी, तापलेल्या पोराच्या कपाळाशी,
पट्टी बदलत, जिन्यातल्या पावलांचा अंदाज घेत.
सकाळी हा यायचा, बोटांना शाई,
खिडकीला चादर बांधून झोपायचा,
आम्ही दोघं कुजबुजत जेवायचो.
चोवीस वर्षं हा रात्र रात्र वाचत होता.
एकही रात्र वाचली नाही.

हे बोलले नाही. म्हणाले,
बसमध्ये तुझी कंबर धरेल.

मग ल्युब्लियाना मीच काढलं.
दोघांचे तीन हजार सहाशे, नुसत्या वाकड्या वाटेचे,
आणि तिथे आहे काय, हे बिल्डिंगमध्ये
कुणालाच सांगता येईना. त्यालाही नाही.
"नाव बरोबर लिहिता येतं मला," एवढंच म्हणाला.
शेपटी मला जमत नाही. साधी काट मारली
आणि दिवा घालवला.

सकाळी वही उघडी होती.
काटलेल्या शब्दाखाली टिंबांची बारीक ओळ.
त्यांच्या भाषेत याचा अर्थ:
काट चुकली, शब्द तसाच राहू द्या.
समासात मुंगीएवढं अक्षर:
'तिथे मी दुपारचं जेवणार नाही.'

ते मात्र मी काटलं.
आणि भडंगाच्या रकान्यात
अर्ध्या किलोचं एक किलो केलं.
वजनाचं बघू.