सांगावा

रात्री दोन चाळीस. महापे.
थंड गल्लीत मी स्वेटर घालून उभी,
बाहेर मे महिना.
तिसऱ्या कप्प्यातली चौदा नंबरची डिस्क
पिवळा दिवा लावून बसलीय.
मला कुणी हाक मारली नव्हती.
कपाटानं परस्पर सांगावा धाडला कंपनीला:
चौदा थकलीय, दुसरी पाठवा.

यंत्रांचं मला हे आवडतं.
दुखलं की सांगतात.
"काही नाही गं, ॲसिडिटी," असं म्हणत नाहीत.

पण सांगावा गेला कसा, ते बघायला बसले
तर वाट निघाली जुनी, मेलची,
आठ वर्षांपूर्वी कुणीतरी आखून दिलेली.
ह्या सर्व्हरच्या हातून त्या सर्व्हरच्या हाती,
पाकीट नाही, लाख नाही,
आणि मुक्कामागणिक एक प्रत मागे.
एक तर थेट देवश्री पाठारे यांना.
देवश्री नोकरी सोडून गेल्या, त्यालाही पाच वर्षं झाली.
मेलबॉक्स कुणी बंद केला नाही.
चार हजार एकशे बारा दुखणी
न वाचलेली, ठळक अक्षरांत.

"त्यात असतं काय?" फायरवॉलवाला लोबो फोनवर म्हणाला,
"आकडे नि नावं. डेटा थोडाच जातो."
बरोबर. डेटा नाही जात.
जागा किती उरली, पंखा किती फिरला,
आणि ताण ज्या व्हॉल्यूमवर आला त्याचं नाव.
कपाट वाशीच्या एका हॉस्पिटलचं.
व्हॉल्यूमचं नाव: ऑन्को_जुने_पेशंट.
त्याच्याखाली: ऑन्को_मुलं.

नावंच तर असतात, लोबो.

घणसोलीला
बाबांचा रिपोर्ट आला तो शेजारच्या वामनकाकांच्या हाती.
ते ठाण्याला निघालेच होते, म्हणाले येताना आणतो.
पाकिटाला डिंक नव्हता. स्टेपलची पिन, तीही सैल.
दुसऱ्या दिवशी आई मासळी घ्यायला गेली
तर टोपलीपलीकडून बाई म्हणाली,
"तुज्या नवऱ्याला मोटा आजार हाय ना गो?"
आईला तोवर ठाऊक नव्हतं.
तिनं बोंबलांचे पैसे दिले.
सुटे परत घ्यायला विसरली.

वामनकाका वाईट नव्हते.
वाटेतलं कुणीच वाईट नसतं.

स्क्रीनवर तीन वाटा:
एसएमटीपी. एचटीटीपी. एचटीटीपीएस.
त्या शेवटच्या एका एससाठी
लोबोनं चारशे त्रेचाळीसचं दार उघडायचं,
मी फॉर्म भरायचा,
आणि मॅनेजरनं झोपेतून हो म्हणायचं.
म्हणाला. तीन दहाला.

कपाट दारापर्यंत गेलं आणि थबकलं.
समोरच्याचं प्रमाणपत्र ओळखीचं नाही म्हणे.
खाली एक चौकोन होता:
प्रमाणपत्र तपासू नका.
एक टिचकी, आणि सगळं हिरवं.
"मार ना," लोबो म्हणाला, "झोपू दे मला."

नाही मारली.
पाकिटाला लाख लावायची
आणि कुणाच्या हातात ठेवतोय ते बघायचंच नाही?
मूळ प्रमाणपत्र शोधलं, चढवलं,
एकदा चुकलं, पुन्हा चढवलं,
तेवढ्यात चार वाजले,
कॅन्टीनवाला किटलीचं झाकण वाजवत गेला.

चाचणीचा सांगावा: पोचला.
वाटेत कुणाला काय दिसलं असेल?
इथून तिथे काहीतरी गेलं, एवढंच.

मग यादीतून देवश्रीबाईंचं नाव काढलं.
का कोण जाणे, काढण्याआधी मनात सॉरी म्हटलं.

फॉर्ममध्ये "बदलाचं कारण" भरायचं राहिलं होतं.
शंभर अक्षरं मावतात.
मी लिहिलं: सुरक्षा धोरणानुसार.
उरलेली जागा तशीच सोडली.