खाते : समुद्र

पाषाणच्या आमच्या संस्थेत
पहिलं बिल आलं ते मिठाचं.
पंचवीस किलोच्या बारा बादल्या,
आणि समोर डॉ. नफीसा मुजावरांच्या बारीक अक्षरात :
'समुद्र बनवण्यासाठी.'
एकोणतीस वर्षं मी हिशेब लिहितो,
समुद्राला आमच्याकडे खातं नाही.
काचसामान आहे, रसायने आहेत, किरकोळ आहे.
मी किरकोळमध्ये टाकला.

तेव्हापासून तळघरात
टँकरचं पाणी गाळून, मीठ मोजून
रोज सकाळी साडेनऊला भरती येते.
निळ्या दिव्यांखाली फरशीच्या तुकड्यांवर
मालवणहून आणलेली पोवळ्याची बोटं,
नग चाळीस, परवान्याची प्रत सोबत.
थर्माकोलच्या खोक्यात, रात्रीच्या एसटीनं आली.
फोंडा घाटात बाईंनी खोकं मांडीवर घेतलं होतं
हे प्रवासभत्त्याच्या अर्जात लिहिलेलं नाही.

माझी अंगठी बघून त्या म्हणाल्या,
"हेही पोवळंच. पण आमचं नव्हे,
खोल, थंड पाण्यातलं.
एवढं व्हायला वीसेक वर्षं गेली असतील."
मंगळासाठी घेतलं होतं मी, लक्ष्मी रोडला,
घासाघीस करून.
त्या दिवशी नुसती अंगठी फिरवत बसलो.

भोसरीच्या हणमंत लांडग्यांनी
गाड्यांच्या सुट्या भागांचं काम बाजूला सारून
एक तोटी घडवून दिली.
तिच्यातून चुन्याचा लगदा
रेघेवर रेघ, थरावर थर चढत जातो
आणि भोकाभोकांचं एक घर उभं राहतं,
जिथे समुद्रात वाहणारं पिल्लू,
डोळे नसलेलं, जागा शोधणारं,
बूड टेकेल.
"आमच्यात सगळं गुळगुळीत लागतं बघा," लांडगे म्हणाले,
"मुद्दाम खडबडीत कर म्हणणारं
पहिलंच गिऱ्हाईक."

मग बाणेरला, नवव्या मजल्यावर, निधी समिती.
मी फाइल धरून मागच्या खुर्चीत.
"तीन वर्षांत वाढ किती?"
"सहा सेंटिमीटर. जगली तर."
कुणी हसलं. कुणी बिस्कीट उचललं.
"पण हे पुण्यात कशाला?"
बाई जरा थांबल्या.
"समुद्र तापला की
बियाणं ठेवायला दुसरं घर लागतं.
लांबचं."

पैसे मंजूर झाले. तोटीच्या यंत्राला सगळे.
रंग उडतोय का ते बघणाऱ्या कॅमेऱ्याला सगळे.
'पाणबुडे गजानन तांडेल, मानधन'
या ओळीवर लाल रेघ.
घरं छापून होतील, कॅमेरा बघत राहील,
पण तळाशी नेऊन ती बसवायची कुणी
हे नवव्या मजल्यावर कुणाला सुचलं नाही.

ती रात्र मी नियमावली वाचण्यात काढली.
कलम चौदा, पोटकलम ई :
एका शीर्षकातून दुसऱ्यात दहा टक्क्यांपर्यंत
वळवता येतात, कारण नमूद करून.
कारण लिहिलं : श्वास.
खोडलं.
लिहिलं : तांत्रिक साहाय्य.

मार्चअखेर करमळकर आले ऑडिटला.
तळघरात प्रत्यक्ष मोजणी.
"आरंभीची शिल्लक चाळीस. मालवणला परत बावीस.
मृत पाच, निर्लेखित. राहिले तेरा.
इथे सोळा दिसतात."
"फुटले, साहेब."
"फुटले तर कमी व्हायला हवेत."
"तसे नाही. फांद्या फुटल्या, बाईंनी वेगळ्या लावल्या."
"मग तीन नगांची पावती?"

पावती नव्हती.
करमळकरांनी चष्मा कपाळावर चढवला,
काचेजवळ नाक नेलं.
हवेचा पंप घरघरत होता.
एका बोटाच्या टोकाला, तांदळाच्या कणीएवढं,
पांढुरकं काहीतरी उघडमीट करत होतं.

"पेन्सिलीनं लिहून ठेवा," ते म्हणाले,
"पुढच्या वर्षी बघू."