पाऊणपट

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
हे मला मोतीराम सारंगांनी शिकवलं,
कस्टमच्या लाँचवर बत्तीस वर्षं काढलेल्या माणसानं;
आता ते शिट्टी वाजवतात.
करंजजुव्याची लीग या गणितावर चालते.
सात संघ, एक पुळण, ओहोटीचे चार तास.

मी खेळत नाही. मी वही ठेवतो.
सोसायटीची जुनी डिझेलची वही,
पहिली बारा पानं लिटर, पुढची सगळी गोल.

मैदान दिवसातून दोनदा बुडतं,
म्हणून चुना चालत नाही,
पोरं तिसऱ्यांची शिंपलं ओळीनं रोवून रेघ आखतात.
गोलाचे खांब माडाचे, जाळी फाटक्या डोलीची,
तिच्यात कधी सामन्याआधी एखादा बोयटा
आधीच जाऊन बसलेला असतो.

जुव्यावर घरं तेवीस. बारांना कुलूप.
उरलेल्या अकरांतून अकरा जण काढायचे
म्हणजे तरीवाला नाना कुबलही बॅकला,
वय चोपन्न, खिशात सुट्टे पैसे खुळखुळत.
गोलात इद्रिस होडेकर, मस्कतहून परत आलेला,
कायमचा की रजेवर, हे अजून कुणी विचारलेलं नाही.
पुढे वैभ्या धुरत, रात्रभर ट्रॉलरवर बर्फ फोडून
बोटं बधिर झालेली. म्हणायचा,
पायांका काय झाला? पाय बरे आसत.

दिवाळीनंतर दांड्यानं आम्हाला सहा मारले.
पौषात शेवऱ्यानं चार, पाणथरानं तीन,
माघात पुन्हा दांडा. पुन्हा सहा.
अकरा सामने, अकरा हार,
गुणांच्या रकान्यात मी शून्य काढत नसे,
जागा मोकळी सोडायचो.

शेवटचा सामना पीरबंदराशी.
ते जिंकले तर चषक त्यांचा, नाहीतर दांड्याचा.
शिमग्याच्या अलीकडची एकादशी:
अकराची पाऊणपट सव्वाआठ,
म्हणजे ओहोटी दोनच्या सुमारास.
दीडला सुरू करायचं ठरलं होतं.
पाहुणे, बँकेचे कुणी उपाध्यक्ष, पावणेचारला उतरले,
बूट हातात घेऊन होडीतून,
आणि तरुणांविषयी बोलले.

अर्धी वेळ झाली तेव्हा मुखाकडचा गोल
घोट्यापर्यंत पाण्यात.
एक एक अशी बरोबरी.
आमचा गोल नाना कुबलचा. डोकं नव्हे, पाठ लागली होती,
पण वहीत पाठ असा रकाना नाही.

सदुसष्टावं मिनिट. पाणी गुडघ्याला.
वैभ्यानं मारला, जोरात नाही,
तसं मारताच येत नव्हतं,
आणि बॉल तरंगत निघाला
सावकाश, खाडीला घाई नसते तसा.
पीरबंदरचा गोली दोन्ही हातांनी पाणी कापत मागे,
तो पोचला, बॉलही पोचला,
लाटेनं दोघांना एकदमच आत ढकललं
की बाहेरच धरलं, कोण सांगणार?
काठावरचे शंभर जण एकदम ओरडले,
अर्धे हो, अर्धे नाही.
आरे, रेघ खंय आसा ती तरी दाखवा!

रेघ दोन हात पाण्याखाली.
मोतीराम सारंग वाकले, चाचपडले,
ओंजळीत तीन शिंपलं घेऊन वर आले.
बघत राहिले त्यांच्याकडे.
मग शिट्टी तोंडाला लावली, तिच्यातून पाणी आलं.

कमिटी चार वेळा बसली.
चहा झाला, पीरबंदरचे उठून गेले, परत आले.
इद्रिस चैत्रात मस्कतला गेला. रजाच होती म्हणायची.
चषक सोसायटीच्या कपाटात, कुपनांच्या गठ्ठ्यामागे.

परवा शेवऱ्याच्या डोलीत बॉल सापडला,
चामडं फुगलेलं, शिवणीत शेवाळ.
त्यांनी तरीवरून पाठवून दिला,
सोबत चिठ्ठी: कोणाचा समजायचा?

मी वही उघडली.
बाराव्या ओळीत तारीख आहे, तिथी आहे, नानाची पाठही
शेवटी लिहिली आहे कोपऱ्यात बारीक.
गुणांची जागा मोकळी.
बॉल खिडकीत वाळत ठेवला आहे,
थेंब थेंब पाणी अजून निघतंय.