रविवारचा रकाना

दर सहा महिन्यांनी मुटिसोसाहेब येतात
पांढऱ्या गाडीतून, काचा वर करून.
शाळेच्या वर्गात आम्हा बावीसजणींना बसवतात.
प्रत्येकीला एक सोडा, एक वही, एक टी-शर्ट.
टी-शर्टवर छापलेलं : सेवा हाच मोबदला.
मापं सगळी पुरुषी.

त्या खेपेला म्हणाले, सेवेचं मोल पैशात होत नसतं.
मी मागच्या बाकावरून विचारलं,
साहेब, गाडी तुमची पाण्यावर चालते का?
वर्ग हसला. तेही हसले, दात न दाखवता.
अपोंदीने कोपर मारलं :
गप. आहे तो सोडाही जाईल.

माझ्या वाट्याला एकतीस घरं,
सरोवराच्या काठाने, पपायरसच्या चिखलातून.
पाठीवर वजनकाटा, पिशवीत गोळ्या.
झाडाला काटा टांगायचा, काट्याला पोर,
आणि पोराने माझ्यावर मुतायचं.
घरी यावं तर चूल थंड,
वाळत घातलेली ओमेना कावळ्यांनी नेलेली.
नवरा म्हणाला, लोक घरचं खाऊन
लष्कराच्या भाकऱ्या भाजतात.
तू न खाताच भाजतेस.

मग मानधन मंजूर झालं. अडीच हजार शिलिंग, फोनवर.
पण दहाजणींपुरतंच.
तोंड उघडणारीला मिळालं,
गप्प बसवणारी यादीतून गळाली.
अपोंदी अजून जाते तिच्या घरांना.
का, ते मी विचारत नाही.
वाट तीच आहे,
ती थोडी लवकर निघते, इतकंच.

पैसे आले ते तीन महिने उशिरा.
साबण घेतला, धाकटीची फी भरली,
आणि खोटं कशाला बोलू,
लाल नेलपॉलिशची एक बाटली.

पिलिस्टा आजीने बोटं पाहिली.
चार वर्षं मी तिच्या गोळ्या मोजते, पाठ पुसते,
चार वर्षं निघताना ती हातात केळं ठेवते,
नको म्हटलं तर रुसते.
"पगार लागला म्हणे तुला."
केळं दिलं नाही.
वर म्हणाली, "काल उशीर केलास."

उशीर!
चार वर्षांत कुणी रागावलं नव्हतं मला.
फुकट येणाऱ्या बाईला कोण रागावणार?
डोळ्यांत पाणी आलं.
आणि बंधाऱ्यापर्यंत पोचते तोवर
का कोण जाणे, चाल ताठ झाली होती.

आज रविवार. वहीत रविवारला रकाना नाही.
रात्री तिचा खोकला आठवत राहिला,
म्हणून आले. वही नाही, पिशवी नाही.
आजी दारात उभी,
माझ्या रिकाम्या हातांकडे बघते.
"आज कुणी पाठवलं?"

काय सांगावं, सुचेना.
उंबऱ्यावर बसले. तीही बसली, गुडघे धरून.
आत टोपलीत केळी पिकलीत,
वास बाहेरपर्यंत येतोय.