पासंग

नव्वदपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालायची.
शंभरला स्टिअरिंग तळहातांत कुजबुजू लागायचं,
एकशे पाचला आरशातला रस्ता विस्कटायचा,
आणि एकशे दहाला मागे
शवपेटीच्या पितळी कड्या वाजायच्या.
एकशे वीसच्या पुढे पुन्हा सगळं गप्प.
पण एकशे वीसनं प्रेत कोण नेतं?

ट्रेलेव ते एस्केल, सहाशे किलोमीटर.
काटेरी झुडपं, वारा,
कुंपणाच्या तारेला अडकलेली लोकर,
शेजारच्या सीटवर ओतिलियाबाई,
मागे त्यांचा नवरा.
"थांबवा," त्या म्हणाल्या, "तो हाक मारतोय."
मी म्हणालो, "चाक आहे, बाई."
"एकेचाळीस वर्षं ऐकलंय त्याला.
चाक नाही हे."
मग मी ऐंशीनं हाकली उरलेली वाट.
कड्या गप्प झाल्या तशा
बाई रडायला लागल्या.

दोन दुकानं झाली.
दोन्हीकडे यंत्रावर हिरवं शून्य,
दोन्हीकडे पावती, पाठीवर थाप,
आणि पुलापलीकडे गेलो की
पुन्हा तीच टिणटिण.

तिसरी एलुनेद प्यू, गैमानची.
वय अडुसष्ट, नखांत रबराचा काळा.
यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही तिनं.
विचारलं, "हातात थरथरतं की बुडाखाली?"
"हातात."
"मग पुढचं."

चाक उतरवलं. रिमच्या पोटात
कधीच्या ओढ्याचा चिखल, वाळून विटेसारखा.
कडेला शिशाचे तुकडे, एकाशेजारी एक,
जुन्या चुकीला नव्या चुकीचं ठिगळ.
तिनं सगळे उपटले, डब्यात टाकले,
चिखल खरवडला, तारेच्या ब्रशनं
मधल्या भोकाचा गंज घासला,
इतका वेळ घासला की मी दोनदा माते प्यायलो.

मग म्हणाली, "आता बघ गंमत."
त्या लोकांनी बसवलं असेल तसं
शंकू उलटा घालून चाक चढवलं,
तुकडे ठोकून शून्य आणलं.
नट सैल केला, चाक अर्धा फेर फिरवलं,
पुन्हा आवळला. फिरवलं.
तेच चाक, तेच यंत्र:
पस्तीस ग्रॅम.
"यंत्र खोटं बोलत नाही," ती म्हणाली,
"वाकडं बसवलं तर इमानानं वाकडेपण तोलतं."

मला आजोबा आठवले.
वर्षभराची लोकर खच्चरावर लादून
व्यापाऱ्याच्या दुकानी जायचे.
तराजू रिकामा असला की काटा सरळ,
लोकर चढली की हलकी.
एकदा पारडं उलटं करून पाहिलं त्यांनी:
खाली शिशाचा पासंग, गुंजभर वाटावा एवढा.
बोलले नाहीत. पीठ घेतलं, साखर घेतली,
घरी येऊन कुत्र्याला उगाच लाथ घातली.

तेच शिसं एलुनेदच्या चिमट्यात.
सरळ शंकूवर, आत पंधरा ग्रॅम, बाहेर दहा.
हातोडीची एक टिचकी.
अर्धा फेर फिरवून पाहिलं: शून्य.
पाव फेर: शून्य.
पाचही नट समोरासमोरचे आवळत गेली,
शेवटचा आवळताना ओठ घट्ट मिटून.
पैसे सांगितले ते मी मोजले,
सुटे नव्हते, राहू दे म्हणाली.

पुढच्या खेपेला एक शाळामास्तर होता, एकटाच,
सोबत कुणी आलं नव्हतं.
शंभर. एकशे पाच.
आरशात रस्ता धुतल्यासारखा.
एकशे दहा.
स्टिअरिंग असं की
हात ठेवलेत हेही कळेना.

लास प्लुमासच्या अलीकडे
गाडी कडेला घेतली,
वाऱ्याशी झटत मागचं दार उघडलं,
बघितलं.

होता.
एक कडी उचलून
हळूच सोडली मी.