सेकंडचा माल

विजापूर रोडवरच्या त्या केंद्रात
पहिल्या दिवशी माझा पट्टा काढून घेतला,
तंबाखूची डबी, चपला,
आणि आडनाव.
रजिस्टरात उरलं : अंबादास, खाट अकरा.

नव्वद दिवस.
सहाला घंटा, अर्धा कप चहा,
मग सतरंजीवर गोल करून बसायचं
आणि एकेकानं म्हणायचं,
मी अंबादास, मी व्यसनी आहे.
सगळे एका सुरात : नमस्कार, अंबादास.

पहिल्यांदा जीभ अडली
ती हातापायांच्या थरथरीनं नव्हे.
वाक्य मराठी होतं.
आमच्या घरात तेलुगू.
तेलुगूत मला एकच शब्द होता, तागुबोतू,
गल्लीतली पोरं सायकलवरून जाता जाता तो टाकून जायची.
आणि तेलुगूत ‘आहे’ लागत नाही.
माणूस आणि शब्द असे चिकटतात
की मध्ये बोट घालायला जागा नाही.

मराठीतलं ते ‘आहे’ मला आवडलं.
वाटलं, याचं कधीतरी ‘होतो’ करता येईल.
निंबर्गी मॅडम म्हणाल्या, नाही.
होतो म्हणणारा महिन्याभरात परत येतो.
आयुष्यभर ‘आहे’च म्हणायचं, अंबादास.

मॅडम चांगल्या.
एकदा म्हणाल्या, तुम्ही तर विणकर,
तुटलेली तार जोडायला तुम्हाला काय शिकवायचं!
एकोणीस वर्षं मी मागावर उभा आहे.
गाठ आलेला टॉवेल सेकंडात जातो, मॅडम,
किलोवर विकतात, हातगाडीवर.
पण बोललो नाही.
मान डोलावणाऱ्याच्या फाइलीत ‘सुधारणा’ लवकर पडते,
हेही मी तिथंच शिकलो.

आणखी एक शब्द घेऊन घरी आलो : आजार.
नरसाबाईला सांगितलं, हा आजार असतो,
बी.पी.सारखा.
ती सुपात विड्या वळत होती.
म्हणाली, बरं. मग माझ्या गळ्यातले पुस्तेलु
आजारानं विकले का?

तेव्हापासून रोज रात्री दुसरी पाळी सुटली की
दारातच ती माझ्या तोंडाशी नाक आणते.
तंबाखूच्या धुळीनं तिला आमटी करपलेली कळत नाही,
पण माझ्यापुरतं नाक शाबूत आहे.
मी तोंड उघडतो.
मग जेवायला बसतो.

केंद्राच्या भिंतीवर माझा फोटो लावलाय,
हार घातलेला, खाली ‘व्यसनमुक्त’.
त्यातला माणूस हसतोय,
मला तसं हसता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं.
शेजारी इरण्णाचा होता, खाट दहा.
तो जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत सापडला,
आकाशपाळण्यामागं, चिखल नसताना चिखलात.
फोटो काढला. खिळा राहिलाय.
दर रविवारी नव्या पोरांसमोर बोलायला जातो
तेव्हा मी भिंतीकडं पाठ करून बसतो.

काल रात्री नरसाबाईनं वास घेतला नाही.
दार उघडलं आणि वळली.
आज विसरलीस, मी म्हणालो.
सहाशे चाळीस, ती म्हणाली,
विड्या मोजताना तिला मध्ये बोललेलं चालत नाही.
भाकरी झाकून ठेवली होती, शेंगाची चटणी, कांदा.

झोप लागली नाही.
नव्वद दिवस घंटा होती, नंतर तिचं नाक होतं,
कोणीतरी रोज विचारत होतं
आणि मी रोज उत्तर होतो.
आता विचारलंच नाही तर
मी कशाचं उत्तर?

पहाटे चारला पाणी आलं, पाचव्या दिवशी.
सगळी गल्ली नळावर, घागरींची आदळआपट.
त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नाही म्हणून
ते वाक्य पहिल्यांदा आमच्या भाषेत म्हणून बघितलं.
नेनु अंबादास.
इथवर आलं.
पुढचा शब्द तोच जुना, पोरांचा, मला नको होता,
आणि दुसरा अजून कुणी शिकवलेला नाही.

घागर भरून वाहायला लागली.
मागून कोणीतरी ओरडलं,
ओ गुंडेटी, सरका की.
सरकलो.